धावपट्टी आणि वारा : आडव्या व समोरच्या वाऱ्याचे गणित

जून महिना लागला, की सोलापूरकरांना वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पाऊस हुलकावणी देतो, ढग डोक्यावरून निघून जातात. पण पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येणारा वारा मात्र दिवसरात्र वाहत राहतो. हाच वारा होटगी रस्त्यावरील विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाला एका साध्या, पण टाळता न येणाऱ्या गणितात गुंतवतो. वारा किती आहे, यापेक्षा तो धावपट्टीच्या संदर्भात कोठून येतो आहे, हे त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. वाऱ्याचा किती भाग समोरून लागणार आणि किती भाग बाजूने ढकलणार, हे त्याला विमान जमिनीला टेकण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते.

बरीच वर्षे नियमित प्रवासी सेवेविना राहिलेल्या सोलापूरच्या विमानतळाचे नव्या स्वरूपातील उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे आजवर केवळ वैमानिकांच्या पुस्तकांतला असलेला हा विषय शहरातील प्रवाशांच्याही जवळचा झाला आहे. 'वाऱ्यामुळे विमान उतरू शकले नाही' हे वाक्य ऐकल्यावर नेमके काय घडले असेल, हे समजून घेण्यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरेसे आहे.

धावपट्टीचा क्रमांक म्हणजे काय?

प्रत्येक धावपट्टीच्या टोकावर दोन अंकी क्रमांक ठळक रंगवलेला असतो. हा क्रमांक म्हणजे धावपट्टीची चुंबकीय दिशा, शेवटचे शून्य वगळून लिहिलेली. उत्तर म्हणजे ३६० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०. सोलापूरच्या धावपट्टीचे क्रमांक १५ आणि ३३ आहेत. याचा अर्थ, एका टोकाकडून धावणारे विमान साधारण १५० अंशांकडे, म्हणजे आग्नेयेच्या बाजूला, तोंड करून असते. दुसऱ्या टोकाकडून धावणारे ३३० अंशांकडे, म्हणजे वायव्येच्या बाजूला. पट्टी एकच, पण वापरण्याच्या दिशा दोन. म्हणूनच दोन क्रमांकांत नेहमी १८ चा फरक असतो. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९ आणि २७ या क्रमांकांची, म्हणजे पूर्व-पश्चिम आहे. पुण्याची १० आणि २८ क्रमांकांची आहे.

वाऱ्याची दिशा सांगताना तो कोठून येतो ते सांगतात, कोठे जातो ते नव्हे. आपल्याकडे 'नैऋत्य मोसमी वारे' म्हणण्याची रीत हीच आहे. 'वारा २५० अंश, २० नॉट' याचा अर्थ २५० अंशांकडून, म्हणजे पश्चिमेच्या किंचित दक्षिणेकडून, वीस नॉट वेगाने येणारा वारा. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. वीस नॉट म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. हवामानाच्या लेखी अहवालात दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली असते. नियंत्रण कक्षातून तोंडी सांगितली जाणारी दिशा आणि धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय उत्तरेपासून. जगातील काही भागांत या दोहोंत वीस अंशांचाही फरक पडतो. महाराष्ट्रात तो एखाद्या अंशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असल्याने आपल्याकडे गणित बिघडत नाही. परदेशात उड्डाण शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र हे विसरून चालत नाही.

दोन घटकांची फोड

तिरक्या दिशेने येणारा वारा हा दोन वाऱ्यांची बेरीज मानता येतो. एक धावपट्टीच्या रेषेत, दुसरा तिला काटकोनात. पहिल्याला समोरचा वारा म्हणतात आणि तो उलट दिशेने असेल तर पाठीमागचा वारा. दुसऱ्याला आडवा वारा. काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरून दोन बाजू काढण्याचाच हा प्रकार आहे. धावपट्टीची दिशा आणि वाऱ्याची दिशा यांतील कोन काढावा. मग,

आडवा वारा = वाऱ्याचा वेग × कोनाचे साइन
समोरचा वारा = वाऱ्याचा वेग × कोनाचे कोसाइन

कोन काढताना फरक १८० अंशांपेक्षा अधिक आला, तर तो ३६० मधून वजा करावा. उदाहरणार्थ, धावपट्टी ३३० अंशांची आणि वारा १० अंशांकडून असेल, तर फरक ३२० येतो. खरा कोन ४० अंशांचा. कोन ९० अंशांपेक्षा अधिक असेल, तर वारा पाठीमागून आहे असे समजावे आणि १८० मधून वजा करून उरलेल्या कोनावर हिशेब करावा.

दर दहा अंशांसाठीचे गुणक पुढीलप्रमाणे आहेत. पहिला आकडा कोनाचा, दुसरा आडव्या वाऱ्याचा गुणक, तिसरा समोरच्या (किंवा पाठीमागच्या) वाऱ्याचा.

० अंश : ०.०० – १.००
१० अंश : ०.१७ – ०.९८
२० अंश : ०.३४ – ०.९४
३० अंश : ०.५० – ०.८७
४० अंश : ०.६४ – ०.७७
५० अंश : ०.७७ – ०.६४
६० अंश : ०.८७ – ०.५०
७० अंश : ०.९४ – ०.३४
८० अंश : ०.९८ – ०.१७
९० अंश : १.०० – ०.००

ज्याला आज आपण साइन म्हणतो, ती आपल्या ज्योतिर्गणितातील 'ज्या'. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी (हे 'लीलावती'कार भास्कराचार्यांहून वेगळे आणि त्यांच्या पाच शतके आधीचे) कोष्टकाशिवाय ती काढण्याचे एक सूत्र 'महाभास्करीय' ग्रंथात दिले आहे. कोनाला १८० वजा कोनाने गुणावे. येणाऱ्या संख्येची चौपट अंशस्थानी आणि ४०,५०० मधून तीच संख्या वजा करून छेदस्थानी घ्यावी. ८० अंशांसाठी गुणाकार ८००० येतो. ३२,००० ला ३२,५०० ने भागले की ०.९८४६ मिळते. आधुनिक गणनयंत्र ०.९८४८ सांगते. वाऱ्याचा वेग जेथे पूर्ण नॉटमध्ये सांगितला जातो, तेथे यापेक्षा अधिक अचूकतेची गरज नाही.

सोलापूर आणि मुंबई : एकच वारा, दोन उत्तरे

आता पावसाळ्यातील एक नमुन्याचा वारा घेऊ : २५० अंश, २० नॉट. मुंबईत २७ क्रमांकाच्या धावपट्टीशी त्याचा कोन २० अंशांचा. आडवा घटक ६.८ नॉट, समोरचा १८.८ नॉट. म्हणजे जवळजवळ सगळा वारा समोरून, वैमानिकाला हवा तसा.

तोच वारा सोलापुरात ३३ क्रमांकाच्या धावपट्टीशी ८० अंशांचा कोन करतो. आडवा घटक १९.६ नॉट, समोरचा केवळ ३.४ नॉट. १५ क्रमांकाच्या बाजूने उतरायचे ठरवले, तर आडवा घटक तेवढाच राहतो आणि ३.४ नॉट पाठीमागून लागतात. मोसमी वारा मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या अंगावरून लांबीने वाहतो, तर सोलापूरच्या धावपट्टीला तो कुशीत धडकतो. वर्षातले जे चार महिने वाऱ्याचे, त्याच महिन्यांत येथे आडव्या वाऱ्याची गाठ पडते.

इतर ऋतूंत चित्र निराळे असते. उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी वारा वायव्येकडून, समजा ३१० अंशांवरून १४ नॉट असेल, तर ३३ क्रमांकावर १३.२ नॉट समोरचा आणि फक्त ४.८ नॉट आडवा. हिवाळ्यात पूर्वेकडून, ९० अंशांवरून, आठ नॉटचा मंद वारा असेल, तर १५ क्रमांकावर कोन ६० अंशांचा. समोरचा ४ नॉट आणि आडवा सुमारे ७ नॉट. यात अडचणीचे काहीच नाही.

समोरचा वारा का हवा?

विमानाच्या पंखांना उचल मिळते ती हवेच्या संदर्भातील वेगामुळे. चाकांना आणि ब्रेकना सोसावा लागतो तो जमिनीच्या संदर्भातील वेग. हवेतील वेग ११० नॉट ठेवून उतरणाऱ्या विमानाला समोरून १० नॉट वारा असेल, तर ते जमिनीला १०० नॉटने टेकते. पाठीमागून तेवढाच वारा असेल, तर १२० नॉटने. फरक वीस नॉटचा दिसतो, पण थांबवायची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२० चा वर्ग १०० च्या वर्गाच्या १.४४ पट आहे. म्हणजे ब्रेकना ४४ टक्के अधिक काम करावे लागते, आणि तेही त्याच लांबीच्या पट्टीवर.

म्हणूनच बहुतेक प्रवासी विमानांसाठी पाठीमागच्या वाऱ्याची मर्यादा १० नॉटच्या आसपास, काहींसाठी १५ नॉट असते. धावपट्टीची लांबी पुरेल का, हा हिशेब मांडताना समोरच्या वाऱ्याचा निम्माच लाभ धरायचा आणि पाठीमागचा वारा मात्र दीडपट धरायचा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. वारा लहरी असतो. त्याने दिलेले पूर्ण धरू नये आणि त्याने हिरावलेले कमी लेखू नये, हा त्यामागचा विचार.

सोलापूरसारख्या ठिकाणी यात उन्हाची भर पडते. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर आहे. पारा ४२ अंशांवर गेला, की हवा इतकी विरळ होते, की विमानाला ती प्रमाण हवामानातील पाच हजार फुटांवरील हवेसारखी भासते. त्या हवेत वेगमापकावर ११० नॉट दिसत असताना प्रत्यक्ष वेग ११९ च्या घरात असतो. अशा दुपारी समोरचे दहा नॉट मोलाचे ठरतात.

आडवा वारा काय करतो?

हवेत असलेले विमान वाऱ्याबरोबर वाहवत जाते. नदी ओलांडणारा नावाडी जसा नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो, तसा वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून ठेवतो आणि विमान तिरके राहून सरळ रेषेत पुढे सरकते. आडवा घटक २० नॉट आणि विमानाचा वेग ११० नॉट असेल, तर हा तिरकेपणा सुमारे साडेदहा अंशांचा होतो. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला अशा वेळी धावपट्टी पंखाच्या पुढून, चुकीच्या जागी दिसते आणि विमान भरकटले असे वाटते. प्रत्यक्षात ते नेमके असावे तसे असते.

खरी कसोटी शेवटच्या काही सेकंदांची. चाके धावपट्टीच्या रेषेत असल्याशिवाय टेकली, तर त्यांच्यावर आणि त्यांच्या आधारांवर बाजूचा ताण येतो. त्यामुळे टेकण्याच्या बेतात पायांखालच्या रडरने नाक सरळ करावे लागते आणि त्याच वेळी वाऱ्याकडील पंख किंचित खाली धरावा लागतो, नाहीतर वारा त्याच पंखाखाली शिरून विमान उचलतो. वाऱ्याकडील चाक आधी आणि दुसरे मागाहून टेकणे ही अशा वेळी चूक नसून रीत आहे. जमिनीवर आल्यावरही शेपटीचा उभा पडदा वातकुक्कुटाप्रमाणे काम करतो आणि नाक वाऱ्याकडे ओढतो. वेग कमी होत जातो, तसा रडरचा प्रभाव घटतो. ओल्या पट्टीवर चाकांची पकडही कमी असते. म्हणून ओल्या धावपट्टीसाठी आडव्या वाऱ्याच्या मर्यादा कमी धरतात.

प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत चाचणीत सिद्ध झालेला आडव्या वाऱ्याचा आकडा दिलेला असतो. शिकाऊ वैमानिकांच्या सेसना १७२ साठी तो १५ नॉट आहे, तर गोवा-सोलापूर मार्गावर आलेल्या एटीआर ७२ या पंखेवाल्या विमानासाठी ३५ नॉट. विमान कंपन्या आपल्या वैमानिकांसाठी यापेक्षा कडक मर्यादा घालू शकतात, आणि नवख्या सहवैमानिकाला तर मुख्य वैमानिकापेक्षा कमी वाऱ्यात उतरण्याची मुभा असते. वर पाहिलेला १९.६ नॉटचा घटक एटीआरच्या आवाक्यात आहे. बारामतीहून किंवा गोंदियाहून सरावासाठी निघालेल्या विद्यार्थ्याच्या छोट्या विमानाने मात्र त्या दिवशी सोलापूर गाठू नये.

घड्याळाची युक्ती

उतरण्याच्या धांदलीत साइन-कोसाइन कोण काढणार? त्यासाठी वैमानिक घड्याळाची युक्ती वापरतात. कोनाचे अंश म्हणजे मिनिटे समजावीत. १५ मिनिटे म्हणजे पाव तास, म्हणून १५ अंशांना पाव वारा आडवा; ३० ला अर्धा; ४५ ला पाऊण; ६० आणि त्यापुढे पूर्ण. ४५ अंशांचा खरा गुणक ०.७१ आणि ६० चा ०.८७ असल्याने युक्ती आडवा वारा थोडा अधिकच दाखवते, म्हणजे चूक सुरक्षित बाजूची होते.

हीच युक्ती समोरच्या वाऱ्यासाठी वापरायची, तर ९० मधून कोन वजा करून वापरतात. तेथे मात्र सावध राहावे. ३० अंशांच्या कोनाला ती पूर्ण वारा समोरून आहे असे सांगते, प्रत्यक्षात तो ०.८७ पट असतो. आडव्या वाऱ्याबाबत जी चूक सावधगिरीची, तीच समोरच्या वाऱ्याबाबत फाजील विश्वासाची ठरते. धावपट्टीची लांबी जेमतेम असेल, तर कोष्टकच पाहावे.

झोतांचाही विचार हवा. वारा २५० अंशांवरून २० नॉट, झोत ३० नॉट असे कळले, तर सोलापूरच्या ३३ क्रमांकावर आडवा घटक क्षणभर २९ नॉटपर्यंत जाईल. वळवाच्या पावसात तर ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि वारा काही मिनिटांत दिशाच बदलतो; दहा मिनिटांपूर्वीचा समोरचा वारा पाठीमागचा होतो. अशा वेळी आकडेमोड बाजूला ठेवून घिरट्या घालणे किंवा दुसरा विमानतळ गाठणे हेच शहाणपण.

धावपट्टीची दोन्ही टोके मोकळी का हवीत?

धावपट्टी आखताना तेथील अनेक वर्षांच्या वाऱ्यांच्या नोंदी पाहाव्यात, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे निकष सांगतात. विमानतळ किमान ९५ टक्के काळ वापरता यावा. मोठ्या धावपट्टीची गरज असणाऱ्या विमानांसाठी २० नॉट, मध्यम विमानांसाठी १३ नॉट आणि छोट्या विमानांसाठी १० नॉट आडवा घटक ही त्या हिशेबातली मर्यादा. एका पट्टीने ते साधत नसेल, तर दुसरी तिरकी पट्टी आखावी लागते. मुंबईत १४-३२ ही दुसरी पट्टी मुख्य पट्टीला छेदून जाते. सोलापुरात पट्टी एकच आहे. तेथे वैमानिकाच्या हाती एवढीच निवड उरते : कोणत्या टोकाकडून?

ही निवड गमावली, तर काय होते? पट्टीच्या एका टोकाच्या मार्गात उंच अडथळा असला, की त्या बाजूने येता-जाता येत नाही किंवा त्यासाठी कडक अटी पाळाव्या लागतात. मग वारा कोणताही असो, दुसऱ्याच बाजूने उतरावे लागते आणि वर्षातील काही दिवस पाठीमागचा वारा पत्करावा लागतो किंवा उड्डाण रद्द करावे लागते. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी विमानतळाच्या परिसरात अडथळा ठरवली गेली आणि अनेक वर्षांच्या वादानंतर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली, याचे दुःख जिल्ह्यात आजही आहे. त्या निर्णयाच्या बाजूने वा विरुद्ध कोणतेही मत असले, तरी विमानतळाभोवती उंचीचे नियम का असतात, याचे एक उत्तर या गणितात आहे. त्यामुळे यापुढे होटगी रस्त्यावर जी बांधकामे उभी राहतील, त्यांची उंची आधी तपासणे हे नंतर पाडण्यापेक्षा सर्वांनाच स्वस्त पडेल.

पाठीमागच्या वाऱ्याची किंमत किती असू शकते, हे ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळात कोळिकोड येथे दिसले. दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाने पावसात २८ क्रमांकाच्या बाजूने केलेला पहिला प्रयत्न सोडून दिला आणि मग ते १० क्रमांकाच्या बाजूने उतरले. चौकशी अहवालानुसार, ८८५८ फूट लांबीच्या पट्टीवर ते ४४३८ फूट पुढे जाऊन टेकले, जमिनीवरील वेग १६५ नॉट होता आणि पाठीमागच्या वाऱ्याचा घटक सुमारे १४ नॉट. विमान पट्टीबाहेर जाऊन दरीत कोसळले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. अहवालाने मुख्य ठपका ठेवला तो नियम डावलून इतक्या पुढे जाऊन उतरण्यावर. वारा एकटा दोषी नव्हता. पण ते १४ नॉट वगळले, तर वेग १५१ नॉट होतो, आणि वर्ग करून पाहिल्यास थांबवायची ऊर्जा त्या वाऱ्याने जवळपास १९ टक्क्यांनी वाढवली होती, असे दिसते.

पुढच्या पावसाळ्यात सोलापूरचे विमान शहरावर एखादी घिरटी अधिक घालू लागले किंवा न उतरताच माघारी वळले, तर चडफडण्यापूर्वी प्रवाशांनी धावपट्टीशेजारच्या नारिंगी-पांढऱ्या विंडसॉककडे एकदा पाहावे. तो पट्टीला काटकोनात ताठ उभा असेल, तर वरच्या कोष्टकातील शेवटची ओळ आठवावी : ९० अंश, सगळा वारा आडवा. त्या क्षणी मागे वळण्याचा निर्णय घेणारा वैमानिक कचरलेला नसतो. त्याने आपले गणित केलेले असते.